डिझेल पिकअपची इग्निशन कॉइल बदलायची आहे, घरी जमेल का?

निफाडचा_बागाईतदार
नमस्कार मंडळी. माझ्याकडे डिझेल पिकअप आहे. २०१५ चं मॉडेल, चार सिलिंडर, कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपातून दाबाचं डिझेल). कांदा लासलगावला, टोमॅटो पिंपळगावला, असा तिचा वर्षभराचा राबता. थंडी पडल्यापासून सकाळी गाडी त्रास देतेय. स्टार्टर फिरतो, इंजिन उचलल्यासारखं करतं आणि सोडून देतं. बऱ्याच वेळाने सुरू झालंच, तर पहिली दोन-तीन मिनिटं मिसिंग, गाडी थरथरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. डोळे चुरचुरतात इतका. त्यानंतर मात्र ठणठणीत. दुपारी एका चावीत चालू.

पार्टच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "कॉइल गेलीय, इग्निशन कॉइल. बदलून टाका." मोबाईलवर माझ्या मॉडेलचं नाव घालून कॉइलचा फोटोही दाखवला, अठराशे रुपये. चावी फिरवल्यावर मीटरवर स्प्रिंगसारखी पिवळी खूण येते ती या कॉइलचीच ना? ती येते आणि लगेच जाते. पाने, सॉकेट, मल्टिमीटर घरी आहेत. ही कॉइल इंजिनवर नेमकी कुठे बसते आणि घरच्या घरी बदलता येईल का? सध्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला जावं लागतं, त्यात गाडीचं हे.

सांगलीचा_फिटर
भावा, अठराशे रुपये खिशातच राहू देत. डिझेल इंजिनला इग्निशन कॉइल नसतीच. स्पार्क प्लगच नाही म्हटल्यावर कॉइल करंट देणार कुणाला? बॉनेट उघडून दिवसभर शोधलीस तरी सापडायची नाही.

तुझी लक्षणं वाचून ऐंशी टक्के हीटर प्लग. उरलेले वीस टक्के बॅटरी, अर्थिंग आणि डिझेल लाइनमधली हवा. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता एका इंजिनचा हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडून ठेवलाय.

फुकटचा_सल्लागार
कॉइल घेऊनच टाका हो. गाडी सुरू नाही झाली तरी बागेतले डास जातील.

वर्कशॉपताई
सल्लागार, तुम्ही प्रत्येक धाग्यावर असेच असता का?

निफाडकर, मी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल ट्रेड शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये दोघे-तिघे तरी हाच प्रश्न विचारतात, त्यामुळे थोडं मुळापासून सांगते.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी ठिणगी पाडून ते पेटवलं जातं. त्या ठिणगीला वीस-तीस हजार व्होल्ट लागतात. बॅटरी बारा व्होल्टची. मधला फरक भरून काढते ती इग्निशन कॉइल. आत जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेत प्रचंड व्होल्टेज उसळतं. तिचं काम एवढंच.

डिझेल इंजिनात फक्त हवा दाबली जाते, पण भलतीच दाबली जाते. पेट्रोलचं कॉम्प्रेशन साधारण ९ ते ११ पट, आजच्या कॉमन रेल डिझेलचं १६ ते १८ पट आणि जुन्या इनडायरेक्ट इंजिनांत (डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) तर २१-२२ पट. इतकी दाबलेली हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते. डिझेल सव्वादोनशेच्या आसपास आपणहून पेट घेतं. म्हणजे इंजेक्टरने फवारा मारला की काम झालं, काडी लावायची गरजच नाही. रुडॉल्फ डिझेलने १८९३ मध्ये पेटंट मिळवलं आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चालतं इंजिन दाखवलं, तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे.

आता तुमची सकाळ. ब्लॉक आणि हेड गार असतात, दाबलेल्या हवेची बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंतीच खाऊन टाकतात. त्यात स्टार्टर सावकाश फिरत असेल तर हवेला पिस्टनच्या रिंगांमधून निसटायला वेळ मिळतो. तापमान पुरेसं चढत नाही, फवारलेलं डिझेल न जळता बाहेर पडतं. तुमचा पांढरा धूर म्हणजे हेच न जळलेलं डिझेल, म्हणून डोळे चुरचुरतात. यासाठी प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. त्याचं टोक काही सेकंदांत आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापतं आणि पहिल्या फवाऱ्याला आधार देतं.

मीटरवरची पिवळी स्प्रिंग ही या हीटर प्लगची खूण. दिवा विझला की स्टार्टर मारायचा, असा त्याचा अर्थ. एक गोष्ट लक्षात ठेवा: बऱ्याच गाड्यांत हा दिवा किती वेळ लावायचा ते ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, इंजिनाच्या तापमानावरून ठरवतो. प्लग तापला की नाही हे त्या दिव्याला कळत नाही. चारही प्लग मेलेले असले तरी दिवा मुकाट्याने येतो आणि जातो.

कॅलगरीकर
ती ऑनलाइन कॉइल दिसते त्याचं कारण सांगतो. इकडे अल्बर्टात पिकअप म्हणजे घरातल्या माणसासारखी वस्तू आणि एकाच नावाच्या पिकअपमध्ये पेट्रोल व्ही-८ आणि डिझेल व्ही-८ दोन्ही इंजिनं मिळतात. पार्ट विकणाऱ्या साइटवर तुम्ही फक्त मॉडेल आणि वर्ष घातलं, इंजिन निवडलं नाही, की पेट्रोलचे पार्टही यादीत येतात. काही विक्रेते तर विक्री वाढावी म्हणून "सर्व मॉडेलना चालेल" असं ठोकून देतात. पार्ट शोधताना नावावर जाऊ नका. आरसी बुकवरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर घेऊन जुळवा.

जाता जाता, सगळ्या डिझेलना हीटर प्लगही नसतात. इथल्या रॅम पिकअपमधलं २०२४ मॉडेलपर्यंतचं कमिन्सचं सहा सिलिंडर इंजिन घ्या. त्यात प्रत्येक सिलिंडरला प्लग नाही, हवा आत येते त्या वाटेवरच एक हीटर ग्रिड बसवलेला असतो, म्हणजे जाळी तापते आणि हवा गरम होऊन आत जाते. आणि उणे तीसला गेलो की तेही पुरत नाही. रात्री गाडीची वायर घराच्या सॉकेटला लावून ब्लॉक हीटर चालू ठेवायचा. पुढच्या ग्रिलमधून लोंबणारा प्लग ही इथल्या गाड्यांची ओळखच.

धुळ्याचा_वाहनवाला
सगळे पुस्तकी बोलतायत. आमच्या गावात एकाच्या जुन्या डिझेल टेम्पोची कॉइल बदलली आणि गाडी धडाक्यात सुरू झाली. मी स्वतः उभा होतो तिथे. मग ते काय होतं?

सांगलीचा_फिटर
स्टॉप सोलेनॉइड होता तो. पैज लाव.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत पंपावर अंगठ्याएवढं एक इलेक्ट्रिक नळकांडं असतं. चावी ऑन केली की टिक आवाज येतो, आतली पिन ओढली जाते आणि डिझेलची वाट उघडते. चावी बंद केली की पिन खाली, डिझेल बंद, इंजिन बंद. त्याच्या आत तारेची गुंडाळी असते, म्हणून लोक त्यालाही कॉइल म्हणतात. ती जळली की गाडी कितीही फिरवा, डिझेलच येत नाही. बदलली की धडाक्यात सुरू. तू बघितलंस ते खरंच आहे, पण तिने ठिणगी पाडली नाही, डिझेलचा नळ सोडला.

निफाडकराच्या कॉमन रेलला तो सोलेनॉइड त्या जागी नाही आणि त्याची गाडी दुपारी एका चावीत चालू होते. सोलेनॉइड गेला असता तर दुपारीही झाली नसती.

वर्कशॉपताई
अगदी. कॉइल म्हणाल तर डिझेल गाडीत ढीगभर आहेत: स्टार्टरचा सोलेनॉइड, प्रत्येक रिले, कॉमन रेल इंजेक्टरचा सोलेनॉइड, चावीच्या कुलपाभोवती इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) अँटेना. दुकानदाराने "कॉइल" म्हटलं की "कशाची?" एवढं विचारायचं.

भोसरीचा_छोटाहत्ती
कॉइल खरोखर लागते त्या गाडीबद्दल मी लिहितो, कारण आता पिकअप म्हणजे डिझेलच असं राहिलेलं नाही. माझी छोटी सीएनजी पिकअप आहे. सीएनजीला ठिणगी लागतेच, त्यामुळे प्लगही आहेत आणि कॉइलही आहेत. आणि गॅसवर कॉइलचा खरा कस लागतो. पेट्रोलपेक्षा गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून कॉइल कमजोर झाली की गाडी पेट्रोलवर बरी चालते आणि गॅसवर टाकली की चढाला हिसके देते.

माझ्या गाडीला प्रत्येक सिलिंडरची वेगळी कॉइल आहे. स्कॅनरवर पी-०३०२ कोड आला, म्हणजे दोन नंबर सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. लगेच कॉइल विकत घेतली नाही. दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर टाकली आणि तीनची दोनवर. कोड मिटवून चक्कर मारली. आता पी-०३०३ आला. मिसफायर कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोष कॉइलचाच. जागेवरच राहिला असता तर प्लग किंवा इंजेक्टर बघितला असता. बदलणं सोपं आहे: बॅटरीची निगेटिव्ह काढा, कॉइलचा कनेक्टर लॉक दाबून काढा, एक बोल्ट, आणि कॉइल थोडी फिरवत सरळ वर. खालचं रबर प्लगच्या विहिरीत अडकून राहिलं तर तेही काढा. विहिरीत तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं सील गळतंय, ते आधी करा, नाहीतर नवी कॉइलही जाईल. प्लग जुने असतील तर त्याच वेळी बदला. झिजलेल्या प्लगचा गॅप वाढतो आणि तोच कॉइलला मारतो.

निफाडचा_बागाईतदार
सगळ्यांचे आभार. ताई, दिव्याबद्दल सांगितलंत ते कुणीच कधी बोललं नव्हतं. फिटरभाऊ, रात्रीची वाट बघतो. मल्टिमीटर आहे, काय काय मोजू?

सांगलीचा_फिटर
हां, हेड बसवला. आता बघ.

सुरुवात बॅटरीपासून कर, हीटर प्लगपासून नको. लोक उलटं करतात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोज. साडेबारा-१२.६ व्होल्ट असली तर भरलेली. मग घरातल्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग आणि तेव्हा बॅटरीच्या खांबांवर मोज. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे किंवा स्टार्टर जास्त ओढतोय. मग तेच मीटर एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर लाव आणि परत स्टार्टर मार. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी सैल नाहीतर कुजलेली. डिझेलला थंडीत नुसतं फिरणं पुरत नाही, जोरात फिरावं लागतं.

मग हीटर प्लग. हेडच्या बाजूला, इंजेक्टरांच्या खालच्या अंगाला, चार बारीक प्लग ओळीने दिसतील. वर एक पातळ पट्टी किंवा चार टोप्यांची वायर असेल. चावी ऑन केल्यावर दिवा लागलेला असताना त्या पट्टीवर आणि इंजिनच्या लोखंडावर मीटर लाव. अकरा-साडेअकरा व्होल्ट आले तर रिले, मोठा फ्यूज आणि वायर ठीक. काहीच नाही आलं तर प्लगला हात लावू नकोस, आधी फ्यूज आणि रिले बघ. तो फ्यूज साधा नसतो, साठ-ऐंशी अँपिअरचा असतो. चार प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर सहज खातात, सुरुवातीच्या क्षणाला त्याहून जास्त.

व्होल्टेज आलं तर चावी बंद, बॅटरीची मायनस काढ आणि ती पट्टी सोडव. बारका नट असतो, आठचा सॉकेट, हाताने अलगद. एकेका प्लगचं टोक आणि लोखंड यात ओहम मोज. चांगला प्लग अर्धा ते दोन ओहम दाखवतो. आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना चिकटवून काय येतं ते बघ आणि ते वजा कर, एवढ्या कमी आकड्याला ते महत्त्वाचं. ओपन आला, म्हणजे आतली तार तुटलेली दिसली, तर प्लग मेला. मीटर नसेल त्याने टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावायचा आणि सुई प्लगच्या टोकाला. या वेळी मायनस जोडलेली हवी, पट्टी मात्र काढलेलीच. दिवा लागला तर प्लगच्या आतली तार सलग आहे.

आणि हो. प्लग बाहेर काढून थेट बारा व्होल्टला लावून लाल होतो का बघायची सवय असते आपल्याकडे. प्लगच्या अंगावर व्होल्ट लिहिलेले असतात. अकरा-बारा लिहिलं असेल तर चालतं, पक्कडीत धरून. पाच किंवा सात लिहिलं असेल तर बारा देऊ नकोस, टोक फुटतं. नव्या गाड्यांत असले कमी व्होल्टचे प्लग असतात, कंट्रोलर त्यांना मोजूनमापून करंट देतो.

मायको_निवृत्त
मी नाशिकला सातपूरच्या कारखान्यात आयुष्य काढलं, इंजेक्टर आणि नोझलच्या विभागात. आता कंपनीच्या पाटीवर बॉश आहे, आमच्या तोंडून मायकोच निघतं. वरच्या प्रतिसादात भर घालण्यासारखं फार नाही, पण एका गोष्टीवर मला ओरडून सांगायचं आहे.

जुन्या इंजिनात कुठला सिलिंडर मरतोय हे बघायला मेकॅनिक चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करत. कॉमन रेलवर हे अजिबात करू नका. रेलमध्ये हजार-दीड हजार बारचा दाब असतो. त्या दाबाची सुईसारखी धार कातडी फोडून आत जाते. बाहेरून नुसता ठिपका दिसतो, आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट किंवा हात गमवायची पाळी येते. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि काय घुसलंय ते डॉक्टरांना सांगायचं. इंजेक्टरच्या कनेक्टरलाही चालू इंजिनवर हात नको, तिथे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं.

इंजेक्टरची शंका असेल तर रिटर्न पाइप काढून चार सारख्या बाटल्यांत रिटर्न डिझेल गोळा करतात. ज्या बाटलीत इतरांच्या मानाने भलतंच जास्त आलं, तो इंजेक्टर आतून गळतोय. पण गरम झाल्यावर गाडी अगदी सुतासारखी चालते असं तुम्ही म्हणता, तेव्हा मी तिकडे लगेच जाणार नाही.

लष्करी_गाडीवान
ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होतो. आमच्याकडे लेहला गाडी सुरू करणं हाच दिवसाचा पहिला पराक्रम असायचा. तिथे प्रश्न वेगळा होता. उणे पंधरा-वीसला साधं डिझेलच घट्ट होतं, त्यातलं मेण फिल्टरला चिकटतं. गाडी पाइपात उरलेल्या डिझेलवर सुरू होते आणि थोड्या वेळाने गुदमरून बंद पडते. टाकीखाली स्टोव्ह पेटवणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, बघूनच घाम फुटायचा. २०१९ च्या शेवटी इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं. निफाडकर, तुमच्यात लक्षण नेमकं उलटं आहे. तुमची गाडी आधी रडते आणि नंतर सुधारते. म्हणजे डिझेल गोठण्याच्या मागे लागू नका.

दुसरं, एअर क्लीनरसमोर पेटता बोळा धरून गाडी किंवा ट्रॅक्टर उचलायची पद्धत खेड्यात आहे. फिल्टरचा कागद पेटतो हो. आणि स्टार्टिंग स्प्रे मारायचा तर ज्या इंजिनला हीटर प्लग किंवा हीटर ग्रिड आहे तिथे अजिबात नाही. आत लालभडक टोक आणि त्यावर स्प्रेमधलं ईथर. पिस्टन किंवा हेड जाईल.

फुकटचा_सल्लागार
आमच्याकडे ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवतात. कुठलाही प्लग नको, कुठली कॉइल नको. +१ गुरुत्वाकर्षणाला.

निफाडचा_बागाईतदार
मोजलं. आज पहाटे थंडी चांगली होती, पारा आठवर.

उभ्या गाडीची बॅटरी १२.५. स्टार्टर मारताना ९.२ पर्यंत खाली. मायनस खांब ते इंजिन: ०.९ व्होल्ट! बघितलं तर इंजिनकडून चॅसिसला येणारी अर्थची पट्टी बोल्टपाशी हिरवी झालेली आणि बॅटरीच्या खांबावर पांढरी पूड. द्राक्षांवर फवारणीचं पाणी घेऊन जातो मागे टाकीत, ते सगळं तिथे झिरपत असणार.

हीटर प्लगच्या पट्टीवर ११.१ आले, दिवा असताना. म्हणजे रिले-फ्यूज ठीक. मीटरच्या वायरीचे वजा करून प्लग: एक नंबर ०.९, दोन ओपन, तीन १.०, चार ओपन.

आता आधी काय करू? चारही प्लग बदलू का दोनच? आणि काढताना काय काळजी?

वर्कशॉपताई
छान मोजलंत. आधी अर्थिंग, कारण ते फुकट आहे. खांब गरम पाण्याने धुऊन पॉलिश पेपरने घासा, पट्टीचे दोन्ही डोळे आणि खालचं लोखंड चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. पट्टी आतून कुजली असेल तर नवी घाला.

प्लग चारही एकाच वयाचे असतील तर चारही घ्या. दोन गेले म्हणजे उरलेले दोन रांगेत उभे आहेत. घेताना जुन्या प्लगवरचा नंबर आणि व्होल्टेज जुळवा. लांबी वेगळी असली तर टोक पिस्टनला लागू शकतं, त्यामुळे "हाच बसतो सगळ्यांना" यावर विश्वास ठेवू नका.

मायको_निवृत्त
काढणं हीच खरी परीक्षा आहे. दहा वर्षांचा प्लग कार्बनने हेडमध्ये धरून बसलेला असतो. आदल्या संध्याकाळी मुळाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी इंजिन पूर्ण गरम करा, मग बंद करून गरम असतानाच काढायला घ्या. हात भाजेल, जाड हातमोजे घाला. वर धूळ-माती असेल तर आधी हवा मारा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये.

लांब सॉकेट सरळ बसवा, दांडा तिरका लागला तर प्लगची मान मोडते. एकदम ताकद नाही. थोडा सोडा, परत थोडा घट्ट करा, परत स्प्रे, परत थोडा सोडा. दहा मिलिमीटर आट्यांचा प्लग काढताना टॉर्क पाना पस्तीस न्यूटन मीटरच्या वर जाऊ देऊ नका, आठ मिलिमीटरचा असेल तर वीसच्या आत. तेवढ्यात नाही सुटला तर थांबा. मोडलेला प्लग काढायला हेड उतरवायची वेळ येते, आणि टोक सिलिंडरमध्ये पडलं तर इंजिनचं काही खरं नाही.

बसवताना भोकातला कार्बन त्याच मापाच्या रीमरने (भोक खरवडायच्या हत्याराने) साफ करा, रीमरला ग्रीस लावा म्हणजे कचरा त्याला चिकटून बाहेर येतो. प्लगच्या आट्यांना मात्र ग्रीस थापू नका, प्लगला अर्थ त्या आट्यांतूनच मिळते. पहिले आटे बोटांनीच फिरवा. शेवटी दहाच्या प्लगला पंधरा-सोळा न्यूटन मीटर, आठच्याला दहाच्या आत. वरचा बारका नट तर दोन बोटांच्या जोरावर.

निफाडचा_बागाईतदार
अपडेट. अर्थची पट्टी नवी घातली, खांब साफ केले. स्टार्टर मारताना आता १०.१ राहतात आणि स्टार्टरचा आवाजच बदलला, घरातल्यांनाही जाणवलं. नुसत्या एवढ्यावर गाडी आधीपेक्षा बरीच लवकर उचलली, पण धूर आणि मिसिंग होतंच.

मग प्लग. एक, दोन, तीन निघाले. दोन नंबरचं टोक फुगलेलं होतं, तोच जरा अडला. चार नंबर हलायला तयार नाही. पाना पस्तीसला पोचला आणि मायको काकांचे शब्द आठवले. थांबलो. तीन नवे घातले, एकेक पाचशेच्या आत मिळाला. चौथा आणून ठेवलाय.

आज सकाळी दिवा विझल्यावर एका दमात सुरू. अगदी थोडा वेळ हलका ठोका येतो आणि किंचित धूर, मग साफ. चौथ्याचं काय करू? असाच ठेवला तर नुकसान आहे का?

सांगलीचा_फिटर
राहू दे तसाच. चारातले तीन चालू असले की आपल्या हवेत गाडी आरामात उचलते, तो थोडा ठोका त्या एका सिलिंडरचाच. मेलेला प्लग करंट खात नाही, आणि घट्ट बसलाय तोवर कॉम्प्रेशनही गळत नाही. मोजताना ओपन आलाय, शॉर्ट नाही, म्हणून म्हणतोय. शॉर्ट असता तर फ्यूज उडवत बसला असता, मग वायर सोडून ठेवावी लागली असती.

भाडं असताना रोज थोडा स्प्रे मारत राहा, गरम होणं-गार होणं चालू राहू दे. हंगाम संपला की ज्याच्याकडे हीटर प्लग काढायचा सेट आहे अशा माणसाकडे ने आणि आधीच विचार, मोडला तर पुढे काय करणार. उत्तर देता आलं नाही तर गाडी वळव.

नाशिकरोडची_वाचक
चांगला धागा. माझ्या भावाची बीएस-६ डिझेल पिकअप आहे. स्कॅनरवर पी-०६७१ दाखवतोय पण गाडी व्यवस्थित सुरू होते. दुर्लक्ष केलं तर चालेल?

वर्कशॉपताई
पी-०६७१ म्हणजे एक नंबर सिलिंडरचा हीटर प्लग किंवा त्याची वायर. ०६७२ दोनचा, ०६७३ तीनचा, ०६७४ चारचा. पी-०३८० आला तर पूर्ण सर्किटकडे बोट, म्हणजे फ्यूज, रिले, मुख्य वायर. फक्त पी-०६७० आला तर आधी कंट्रोलर.

बीएस-६ मध्ये दुर्लक्ष करू नका. या इंजिनांचं कॉम्प्रेशन जुन्यापेक्षा कमी ठेवलेलं असतं आणि हीटर प्लग गाडी सुरू झाल्यावरही काही वेळ तापत राहतात, थंड इंजिनचा धूर कमी व्हावा म्हणून. तो धूर शेवटी डीपीएफमध्येच, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळीच्या फिल्टरमध्ये, जाऊन साठतो. काही गाड्यांत हा कोड असेपर्यंत डीपीएफ स्वतःची साफसफाईच सुरू करत नाही. प्लग काही शेकड्यांत येतो, डीपीएफची किंमत तुमच्या भावाला शोरूममध्ये विचारू द्या.

आणि त्याच्या गाडीचे प्लग कमी व्होल्टचे असण्याची शक्यता जास्त. फिटरदादांनी वर लिहिलंय ते त्याला वाचून दाखवा, थेट बॅटरी लावून बघायची नाही. कनेक्टर काढून आधी तिथेच गंज आहे का ते बघा, एक नंबर बऱ्याचदा पंख्याच्या बाजूला असतो आणि पाणी तिथेच उडतं.

नाशिकरोडची_वाचक
कनेक्टर हिरवाच निघाला. साफ करून कोड मिटवला, दोन दिवस गाडी चालवून परत स्कॅन करतोय. काही आलं तर लिहिते.